नागाच्या गावाहून

आईकडे एक पांढरी साडी आहे. अशोक विजयादशमीला आणि चौदा एप्रिलला दीक्षाभूमीवर जाताना नेसायची, एरवी कपाटात. श्रीलंकेला जाताना तिनं तीच आधी बॅगेत घातली. कोलंबोपासून दहा-अकरा किलोमीटरवर, कॅलणी नदीकाठच्या कॅलणियाच्या महाविहारात शिरलो आणि बघते तर पुरुष, बाया, पोरं, सगळे पांढऱ्यात. मीच एकटी निळ्या कुर्त्यात. आईनं माझ्याकडे असं पाहिलं, की पोरगी मुळीच ऐकत नाही, हे साऱ्या लंकेला कळावं.

"मंदिर मस्त आहे ना?" मी म्हटलं.

"विहार म्हण," आई म्हणाली. आजोबा १९५६ साली पवनीहून पायी निघून नागपूरला दीक्षा घेऊन आले होते, तेव्हापासून घरात या शब्दाला माफी नाही.

इथला स्तूप वेगळ्याच घाटाचा आहे. आपला दीक्षाभूमीचा सांचीसारखा अर्धगोल, आणि आतून पोकळ. लोक आत जाऊन बसतात. हा भरीव, आणि त्याच्या या आकाराला 'धान्याकार' म्हणतात, म्हणजे धानाच्या राशीसारखा. हे मी वाचून सांगेपर्यंत आईनं ओळखलंही होतं. वैनगंगेकाठी वाढलेली बाई ती, तिला खळ्यावरची रास शिकवायला मी कोण? "पायलीनं मोजायच्या आधीची हाय," म्हणाली, आणि प्रदक्षिणेला लागली. अनवाणी पायांना मऊ रेती. मला मात्र दर पावलाला नागपूरचा मे महिना आठवत होता.

एक म्हातारी कमळं घेऊन उभी होती. तिनं हात जोडले आणि पुटपुटायला लागली, "वण्णगंधगुणोपेतं..." आईनं तिथूनच उचललं, "एतं कुसुमसन्ततिं". तिला सिंहली येत नाही, म्हातारीला मराठी येत नाही, पण फुलं वाहायची ही पाली गाथा दोघींनी शेवटपर्यंत म्हटली. उच्चार जरा इकडेतिकडे झाले. मग दोघींनी एकमेकींना साधु साधु केलं आणि आपापल्या वाटेनं गेल्या. ओळखबिळख काही नाही. मला मध्ये पडून दुभाषीपणा करायची फार हौस होती, ती राहून गेली.

पुढे आवारातच विभीषणाचं देवालय दिसलं आणि आई थबकली. बाबासाहेबांनी दीक्षेवेळी दिलेल्या, हिंदू देवांना न मानण्याच्या बावीस प्रतिज्ञा पाठ असलेली बाई. "हा इथं काय करून राहिला?" मी सांगितलं, कॅलणियाचा रक्षक मानतात त्याला. ती लांबूनच बघत राहिली, चप्पल हरवलेल्या पाहुण्यासारखी अवघडून. शेवटी म्हणाली, "त्यांचं घर हाय, त्यांना ठाऊक." हात मात्र जोडले नाहीत. मला तिचं हे आवडलं.

सोलियस मेंडिस या चित्रकारानं विसाव्या शतकात रंगवलेल्या भिंती आत आहेत. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात हे सगळं पाडलं होतं, नंतर ते पुन्हा उभं राहिलं. एका चित्रात सम्राट अशोकाची मुलगी संघमित्रा बोधिवृक्षाचं रोप घेऊन लंकेत येते आहे. आई त्या चित्रासमोर उभी राहिली ती हलेचना. तिचं म्हणणं सरळ होतं : हे रोप अनुराधपूरला लागलं, त्याच्या फांद्या भिक्खू भदंत आनंद कौसल्यायन यांनी आपल्याकडे आणल्या, त्या दीक्षाभूमीवर लावल्या. "म्हणजे हे आपलंच झाड." कौसल्यायन तर याच कॅलणियात, विद्यालंकार परिवेणात, म्हणजे भिक्खूंच्या विद्यालयात, शिकलेले, आणि १९८८ साली नागपुरातच गेले. एवढं सगळं ती मला असं सांगत होती, जणू शेजारच्या कुणाचा मुलगा परदेशी शिकायला गेला होता.

महावंसात, म्हणजे लंकेच्या जुन्या पाली इतिहासग्रंथात, लिहिलंय, बुद्धांना इथं आमंत्रण दिलं ते मणिअक्खिक नावाच्या नागराजानं. संबोधीनंतरच्या आठव्या वर्षी, वैशाख पौर्णिमेला. बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात दीक्षेसाठी नागपूरच का, ते सांगताना नागलोकांचा आणि नाग नदीचा उल्लेख केला होता. आईला हे दोन्ही ठाऊक. बाहेर येऊन नदीपाशी बराच वेळ बसली. पाणी गढूळ, रुंद, काठावर नारळ. "इथंबी नागच," एवढंच म्हणाली.

नागपूरला परतलो त्या दिवशी विमानतळाहून घरी येताना रिक्षा नाग नदीच्या पुलावर अडकली. खाली नेहमीचं काळं पाणी, नेहमीचा वास. आईनं सवयीनं नाकाला पदर लावला, पांढऱ्याच साडीचा. पण यावेळी तिनं वाकून खाली बघितलं.

"वाहून राहिली वं," म्हणाली, "पाह्य."