माझ्या कामाविषयी एक पान

प्रदर्शनासाठी आपल्या व्यवसायाची माहिती एका पानात लिहून पाठवा, एवढाच निरोप होता. रातांब्याचा, म्हणजे कोकमाच्या फळाचा, हंगाम भरात आहे, अंगणभर सोले, म्हणजे त्याच्या साली, वाळत आहेत, दुपार कलली की आभाळ काळवंडते, आणि असे असताना माझी झोप उडवली आहे ती या एका पानाने. परवान्याचे अर्ज, बँकेचे कागद, बरणीवरच्या चिठ्ठीचा मजकूर हे सारे मी आजवर लिहीत आले आणि त्यातल्या एकाही ओळीने मला कधी अडवले नाही. पण ‘मी वेंगुर्ले तालुक्यात आमसुले, आगळ आणि कोकम सरबत तयार करते’ हे वाक्य उतरवले की हात तिथेच थांबतो, आणि ते खोडून मी स्वयंपाकघरात निघून जाते.

परक्या माणसांची भीती मला वाटत नाही. ज्याने रातांब्याचे झाड कधी पाहिलेले नाही, असा पुण्याचा कुणी गृहस्थ ते पान वाचून काय म्हणेल, याने माझे काही अडत नाही. भीती आहे ती वाडीची. काकी वाचतील, थोरल्या जाऊबाई वाचतील, तिठ्यावरच्या दुकानात ते पान हातोहात फिरेल, आणि ज्यांनी मला आगळाचे, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाचे, डबे विसळताना पाहिले आहे त्यांच्यापुढे मी स्वतःला उद्योजिका म्हणवून घेतलेले दिसेन. ज्या मुलखात प्रत्येक घर वर्षाची आमसुले आपली आपण घालते, तिथे आमसुले घालण्याविषयी पानभर लिहिणे ही बढाईच ठरणार, असे वाटत राहते. आणि या वाटण्याला उत्तर मिळत नाही, म्हणून ते रात्री पुन्हा येते.

काल दुपारी तर मला स्वतःचीच दया आली. दादांच्या कलमांविषयी सगळा गाव बोलतो, ते स्वतःही ओसरीवर बसून तासन्‌तास बोलतात, आणि कुणालाही ती बढाई वाटत नाही. मी मात्र इतक्या हंगामांनंतरही ‘घरबसल्या काहीतरी करते’ एवढीच आहे. माहेरी या विषयावर जे बोलले गेले, ते आज लिहीत नाही.

पुतण्याने मदत म्हणून मजकूर तयार करून दिला. मुलगा गुणाचा आहे आणि त्याने मनापासून लिहिले होते, परंतु त्यातली एकही ओळ मला माझी म्हणता येईना. त्यात ‘आजीच्या हातची चव’ होती. सासूबाईंनी उभ्या आयुष्यात एक बरणी विकली नाही, त्यांच्या हातची चव ही आमच्या घराची गोष्ट आहे आणि ती मी विकायला काढणार नाही. त्यात ‘वजन घटवणारे सरबत’ होते. वजन घटवण्यासाठी ज्याचे नाव घेतले जाते ते हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल कोकमाच्या सालीत असते हे खरे. पण सरबताच्या पाकात निम्म्याहून अधिक भाग साखरेचा असतो, हे दर मे महिन्यात साखरेची पोती मोजून घेणाऱ्या मला चांगले ठाऊक आहे. खाद्यपदार्थांच्या दाव्यांविषयी २०१८ मध्ये नियम आले. ते नसते तरी साखरेच्या पाकाला औषध म्हणणे माझ्याने झाले नसते. ती दोन्ही वाक्ये मी काढली, आणि मग लक्षात आले की पान पुन्हा पूर्णपणे कोरे झाले आहे.

शेवटी स्वतःला बाजूला ठेवून फक्त फळाविषयी लिहायचे ठरवले, आणि लिहिता लिहिता अंधार कधी पडला ते कळले नाही. पिकलेला रातांबा गर्द लाल, जवळजवळ जांभळा होतो. तो चिरून गर आणि बिया वेगळ्या काढायच्या, साली उन्हात घालायच्या, गराच्या रसात मीठ मिसळायचे आणि वाळलेल्या साली पुन्हा पुन्हा त्या रसात भिजवून सुकवायच्या. प्रत्येक पुटाबरोबर साल अधिक काळी आणि अधिक आंबट होते, आणि पुटे पुरी झाल्याची खूण डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळते. मिठाचा रस तसाच ठेवला की आगळ होते, सालींवर साखर घालून ठेवली की सरबताचा पाक सुटतो, आणि बियांचे तेल निघते, जे निवले की घट्ट गोठते आणि टाचांच्या भेगांना लावले जाते. सरबताचा नैसर्गिक रंग उजेडाने आणि उष्णतेने उतरतो, म्हणून वैशाखात भरलेली आणि दिवाळीत उघडलेली बाटली एकाच रंगाची दिसणार नाही, हेही लिहिले. ज्यांना दोन्ही वेळा तोच लालभडक रंग हवा असतो त्यांना मी आजवर समजावत आले आहे. आता ते कागदावर राहील.

पावसाविषयी लिहिताना मजकूर लांबला, आणि तो लांबायलाच हवा होता. आमच्या धंद्याचे सगळे गणित फळ पिकणे आणि पाऊस पडणे यांच्यामधल्या थोड्या दिवसांवर उभे आहे. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला समांतर वर सरकले, तेव्हा आमच्या साली पुटांवर होत्या. त्या वर्षी ज्या ओल्या साली आम्ही घरभर, अगदी देवघरापर्यंत पसरल्या, त्यांना नंतर बुरशी आली आणि त्या खड्ड्यात टाकाव्या लागल्या. दादांनी त्या वेळी जे केले, ते कधी तरी लिहायला हवे. आज नाही.

एवढे लिहून झाल्यावर मला हलके वाटले, आणि त्या हलके वाटण्याचाच मला संशय आला. सगळे पान वाचले तर त्यात फळ होते, ऊन होते, पाऊस होता, आणि हे सगळे जणू आपोआप घडत होते. २०१६ मध्ये सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळाले, हेही त्यात अभिमानाने होते. पण माझी आमसुले बाजारापेक्षा महाग का आहेत, या साध्या प्रश्नाचे उत्तर कुठेही नव्हते. कारण ते उत्तर माझ्याशिवाय देता येत नाही. मीठ सढळ घातले तर वजन वाढते आणि आमसूल ओलसर राहते. मी ते बेताने घालायचे ठरवले. एखादे पूट वाचवले तर मजुरी वाचते; मी ते वाचवत नाही. बियांपासून वाढवलेल्या कोकमाच्या रोपांत जवळजवळ निम्मी झाडे नर निघतात आणि ते कळायला सहा-सात वर्षे जातात, म्हणून कुंपणाकडच्या जागेत मी दापोलीच्या विद्यापीठाने काढलेल्या ‘कोकण अमृता’ची कलमे लावली; शिवाय त्यांचे बहुतेक फळ पावसाआधी हाती येते. घरातल्या कुणाचाही त्याला होकार नव्हता. हे निर्णय रातांब्याने घेतलेले नाहीत. मी घेतले आहेत, आणि त्यांची किंमत गिऱ्हाईक देत असेल तर ते कुणी घेतले हे त्याला सांगणे मला भाग आहे. बढाईच्या भीतीने मी स्वतःला पानाबाहेर ठेवत होते, आणि त्याबरोबर माझी जबाबदारीही बाहेर राहत होती.

तरीही भीती गेली नव्हती. म्हणून आज सकाळी सोले उलटत असतानाच, ज्यांची भीती वाटते त्यांनाच ते पान वाचून दाखवले. पुटे किती असावीत यावर दोघींचे जुंपले. जाऊबाईंनी सांगितले की मीठ बेताचे म्हणजे किती, ते नीट लिहावे, नाही तर वाचणाऱ्याला काय कळणार. मी उद्योजिका आहे की नाही या प्रश्नात कुणालाही रस नव्हता. सगळ्यांना रस होता तो काम बरोबर लिहिले आहे की नाही यात. काकींचा उल्लेख मी ‘अनुभवी कामगार’ असा केला होता, त्यांना अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून. त्या म्हणाल्या, “माजां नाव घालतंस तर पुरां घाल.” नवऱ्याच्या नावासह, आडनावासह, संपूर्ण. त्यांच्या चेहऱ्यावर संकोचाचा लवलेश नव्हता. कित्येक हंगाम हे हात रसाने जांभळे झालेले आहेत, तर ते कुणाचे हात आहेत हे लिहिण्यात लाजायचे काय, एवढे सरळ त्यांचे म्हणणे दिसले.

काकींचे पूर्ण नाव पहिल्यांदा लिहिले, मग उरलेल्या बायकांची, त्यांना विचारून. एकीने नको म्हटले, तिचे घातले नाही. त्यानंतर माझे नाव लिहायला फारसा वेळ लागला नाही. साखरेचे वाक्य ठेवले आहे, रंग उतरण्याचेही ठेवले आहे, मिठाचे प्रमाण जाऊबाईंनी सांगितले तसे घातले आहे, आणि किमतीच्या शेजारी ती इतकी का, हे दोन ओळींत लिहिले आहे. वाडीत कुणीतरी काहीतरी बोलणारच, आणि ते ऐकल्यावर मला वाईट वाटणार, हेही मला ठाऊक आहे. पण त्या बोलण्यात मजकूर खोटा आहे असे कुणाला म्हणता येणार नाही.

पान संध्याकाळी पाठवले. त्या एका पानाची दोन पाने झाली आहेत. आयोजकांना ते कमी करायचे असेल तर मानांकनाचा परिच्छेद काढावा, पावसाचा काढू नये, असे सोबत कळवले आहे.