खाकी कव्हरातली नोट

साताऱ्याच्या शाळेत सहावीत असताना वर्गाच्या संचयिकेचे, म्हणजे मुलांच्या बचत योजनेचे, पैसे गोळा करायचं काम माझ्याकडे होतं. साल १९८४. दर शनिवारी मुली चार आणे, आठ आणे आणायच्या, मी वहीत लिहून घ्यायची आणि मधल्या सुट्टीत सगळे पैसे मोठ्या सरांच्या टेबलावर नेऊन ठेवायची. मुख्याध्यापकांना आम्ही मोठे सर म्हणत असू. एका शनिवारी हिशेबात दहा रुपये कमी भरले. सरांनी वर्गात येऊन सगळ्यांसमोर मला उभं केलं आणि विचारलं, "कुठं खर्च केलेस?"

मी बोर्डिंगची मुलगी. आईवडील कोरेगावकडे दुसऱ्याच्या रानात राबायचे. दहाची नोट आमच्या घरात कधीतरीच दिसायची. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही, आणि गप्प राहणं म्हणजे कबुलीच धरली गेली. रविवारी उपासनेत शेजारची मुलगी जरा सरकून बसली, ते अजून आठवतं.

मंगळवारी सकाळी प्रार्थनेला शाळा मैदानात उभी होती. अजिंक्यताऱ्यावर धुकं उतरलं होतं. मोठे सर पायरीवरून खाली आले आणि सरळ आमच्या रांगेपाशी थांबले. त्यांच्या हातात संचयिकेची वही होती. खाकी कव्हराची आतली घडी उलगडून त्यांनी नोट बाहेर काढली, सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. मग चष्मा काढून खिशात ठेवला आणि म्हणाले, "पोरी, मी तुला खोटं ठरवलं. चूक माझी आहे. मला क्षमा कर." मी बारा वर्षांची, ते पन्नाशी ओलांडलेले. नोट सापडली एवढं सांगून त्यांना मोकळं होता आलं असतं. मला वर्गात बोलले होते, क्षमा मात्र साऱ्या शाळेसमोर मागितली. आणि वही परत माझ्याच हातात दिली. तसं केलं नसतं तर ती क्षमा अर्धीच राहिली असती, असं मला आज वाटतं.

ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांबद्दल सर फार जीव लावून बोलत. १९१७ मध्ये टिळकांनी याच साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा ख्रिस्ताच्या अनुयायांचा बंधुसंघ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. ज्याला पुढारी व्हायचं त्यानं आधी सतरंजी अंथरायला शिकावं, असं सर म्हणायचे. ते स्वतः अंथरायचे, म्हणून आम्हाला ते पटायचं.

शाळेनंतर मी नर्सिंगसाठी मिरजेला गेले. मिशनरी डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये तिथं रुग्णालय उघडलं, तेव्हापासून आमच्याकडच्या कितीतरी ख्रिस्ती मुलींची वाट मिरजेकडे गेली. पुढं वॉर्डची इन्चार्ज झाले. हाताखालच्या मुलींना बोलणं सोपं असतं. चुकीचं बोलले असेन तर ड्युटी संपायच्या आत त्या मुलीला, आणि जिच्यासमोर बोलले तिलाही, 'माझं चुकलं' म्हणायचं, हे मी पाळत आले.

घरात मात्र ते जमायला फार वर्षं गेली. ऑगस्ट २०१९ चा महापूर. सांगलीत कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलेलं. दोन दिवसांच्या सलग ड्युटीनंतर घरी आले तर सतरा वर्षांचा मुलगा जागेवर नाही, फोन लागत नाही. संध्याकाळी चिखलानं भरून आला. पूर पाहायला गेला असणार असं मी धरूनच चालले होते. आमच्याकडे आसऱ्याला आलेल्या पाहुण्यांसमोर नको नको ते बोलले. तो सांगलीच्या गावभागातल्या दोन म्हाताऱ्या माणसांना नातेवाइकांकडे पोचवून आला होता, हे मला शेजाऱ्यांकडून कळलं.

रात्री घरच्या प्रार्थनेत प्रभूची प्रार्थना म्हणताना 'आमची ऋणे आम्हांस सोड' यातल्या 'ऋणे' या शब्दापाशी माझा आवाज थांबला. ऋण म्हटलं की मला आजही ती दहाची नोटच दिसते. बायबलमधल्या इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात लेकरांनी आईबापांच्या आज्ञेत राहावं असं आहे, ते मी मुलाला शंभरदा ऐकवलं होतं. तीनच वचनं पुढं, बापांनी लेकरांना चिडीला आणू नये असंही आहे. ते आईलाही लागू आहे, हे त्या रात्री कळलं. सगळे पाहुणे बसलेले असतानाच मी मुलाला म्हटलं, "बाळा, मी तुला न विचारता खोटं ठरवलं. मला क्षमा कर." तो काही बोलला नाही. थोड्या वेळानं उठून माझ्या पायाशी गरम पाण्याची बादली आणून ठेवली.

मोठे सर आता नाहीत. शाळेच्या कार्यालयातलं जुनं कपाट अजून असेल, तर शाळेच्या स्मरणिका समितीला एक विनंती आहे. १९८४ ची, इयत्ता सहावीची संचयिकेची वही कुणाला सापडली तर ती रद्दीत घालू नका. मला कळवा, मी मुलाला घेऊन साताऱ्याला येईन.