वेरूळला कॅमेरा घेऊन जाताय? मग सकाळची घाई नको

वेरूळच्या लेण्यांची तोंडं पश्चिमेला आहेत, एवढं निघण्यापूर्वी माहीत असलं तरी नवशिक्याचं अर्धं काम होतं. छत्रपती संभाजीनगरहून बहुतेक लोक भल्या सकाळी निघतात, सावलीतल्या काळ्या दगडाचे फोटो काढतात आणि ऊन आत यायच्या वेळेला जेवायला पळतात. मी आरामात एसटी पकडली, आधी घृष्णेश्वराचं दर्शन घेतलं, पिठलं-भाकरी खाल्ली आणि मग लेण्यांकडे वळले.

सुरुवात दहाव्या लेण्यापासून. छताला लाकडी वाशांसारख्या दगडी फासळ्या कोरल्यात, म्हणून याला सुताराची झोपडी म्हणतात. खालून सगळेच बुद्धमूर्तीचा समोरून फोटो काढतात. जिना चढून सज्जात जा. तिथून स्तूप, मूर्ती आणि फासळ्या एका चौकटीत बसतात, आणि मागच्या मोठ्या गवाक्षातून उजेड आत येतो. ट्रायपॉडला आधी परवानगी लागते, तेव्हा आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, वाढवायचा, खांबाला पाठ टेकवायची आणि श्वास रोखून शटर दाबायचं.

इथेच एक तांत्रिक गोष्ट सांगते, कारण ती कळली की फोटो लगेच सुधारतात. कॅमेऱ्याला समोरचं सगळं मध्यम करडं करायची सवय असते. बेसाल्टचा काळा दगड दिसला की तो उगाच उजळवतो. दगड फिका आणि बाहेरचं आकाश पांढरंफटक. एक्स्पोजर, म्हणजे फोटो किती उजळ येईल ते ठरवणारी सेटिंग, उणे एकवर आणा. मोबाइल असेल तर उजळ भागावर बोट ठेवून ते खाली ओढा. सावल्या गडद झाल्या तर होऊ देत, कोरीवकाम सावलीमुळेच तर दिसतं!

आता सोळावं, म्हणजे कैलास. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, डोंगर वरून खाली कोरत आणलेलं मंदिर. अख्खं कैलास एका फोटोत मावावं हा हट्ट मात्र सोडा. वाइड लेन्सने सगळं मावतं आणि सगळंच बारकं होतं. मी शिखराकडे पाठ फिरवली आणि जोत्यावरच्या हत्तींपाशी उकिडवी बसले. मंदिर जणू त्यांच्याच पाठीवर पेललंय. बाजूने येणाऱ्या उन्हात एकाच हत्तीचं गंडस्थळ आणि झिजलेली सोंड, बाकी अंधार. त्या हत्तीपाशीच बराच वेळ गेला. मागून एक काकू म्हणाल्या, "अगं, पूर्ण देऊळ घे की!"

मोजमाप दाखवायचं असेल तर चौकटीत माणूस हवाच. ध्वजस्तंभाच्या पायथ्याशी लाल साडीतली एक बाई क्षणभर थांबली आणि स्तंभाची उंची आपोआप कळली. अशा वेळी जागा आधी ठरवायची, फोकस लावून ठेवायचा आणि कुणीतरी येईपर्यंत वाट बघायची. फिल्टर शोधण्यात जाणारा वेळ इथे घालवलेला बरा, असं माझं स्पष्ट मत.

दुपार कलली तशी चौकातली सावली वर चढू लागली आणि ऊन शिखरापुरतं उरलं. कैलासाच्या कडेने डोंगरावर जाणारी वाट या वेळेसाठी राखून ठेवा. वरून मंदिर खड्ड्यात उभं असल्यासारखं दिसतं आणि कसं कोरलं असेल याचा अंदाज येतो. कडा उभा आहे, व्ह्यूफाइंडरमध्ये बघत मागे सरकू नका. जैन लेणी थोडी लांब आहेत, बत्तिसाव्याच्या छतावर रंगाचे अवशेष आहेत, तिथे फ्लॅश बंद. आणि मंगळवारी लेणी बंद असतात, तो वार सोडून बेत आखा.