टाकीचा सर्व्हर, नोंद ९: ३८ जीबीचा लॉग आणि एक >

मंडळी, मागच्या नोंदीत मोठ्या ऐटीत लिहिलं होतं की आता फक्त ग्राफ देखणा करायचा उरलाय. दात घशात गेले. तीन रात्री लॉग (टाकीच्या सर्व्हरवरची माझी पायथन स्क्रिप्ट जिच्यात नोंदी लिहिते ती फाइल) उपसतोय.

शुक्रवारी रात्री म्हाताऱ्याने (तोच जुना एक्स२२० लॅपटॉप, ज्यावर सर्व्हर चालतो, १२० जीबीची एसएसडी डिस्क) मान टाकली. एसएसएच (दुरून लॉगिन) लागत होतं, पण फाइलचं नाव पूर्ण करायला टॅब दाबला की बॅश (आज्ञा घेणारा शेल) म्हणे डिव्हाइसवर जागा नाही. डीएफ (डिस्क किती भरली ते सांगणारी आज्ञा) बघितलं, १०० टक्के. जागा कुणी खाल्ली ते दाखवणारं एनसीडीयू चालवलं (अजून वापरत नसाल तर घ्याच, डिस्कवर व्यापलेली जागा मोजणारं डीयू आणि सॉर्ट जोडण्यात माझी वर्षं गेली). व्हार-लॉग या लॉगच्या फोल्डरात टाकी.लॉग ऐसपैस पसरलेला, ३८ जीबी. तिरमिरीत आरएम मारला, म्हणजे फाइल पुसली. डीएफ तरीही १०० टक्के!

याचं उत्तर तुम्हाला पाठ असेल. नाव पुसलं तरी स्क्रिप्टने फाइल उघडी धरली होती, मग जागा कशी सुटणार? उघड्या फाइली दाखवणाऱ्या ‘एलएसओएफ +एल१’ने पायथनच्या ओळीपुढे ‘डिलीटेड’ दाखवलं. प्रोसेस मारून क्रॉनटॅब या आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीतल्याच ओळीने पुन्हा सुरू केली, जागा परत आली. लॉग फिरवणाऱ्या, म्हणजे जुना बाजूला काढून नवा सुरू करणाऱ्या लॉगरोटेटमध्ये कॉपीट्रंकेट (प्रत काढून मूळ फाइल जागीच रिकामी करणं) आणि ५० एमबीची मर्यादा टाकून झोपलो.

सकाळी फाइल ६ जीबी. चूक माझीच. लॉगरोटेट काही रात्रभर पहारा देत नाही, दिवसातून एकदा येऊन आकार बघतं, तोवर लिहिणारा लिहीतच असतो. हाताने, सक्तीने फिरवलं. टाकी.लॉग शून्यावर आला. चहा घेऊन येतो तर फाइलींची यादी देणारं एलएस पुन्हा ६ जीबी म्हणतंय. डीएफ मात्र म्हणतंय जागा मोकळी आहे. डीयूच्या हिशोबाने तीच फाइल जेमतेम काही एमबी.

इथे अख्खा शनिवार गेला. डिस्क बिघडली म्हणून एफएससीके (डिस्कची तपासणी) केलं, काही नाही. लॉगरोटेटच्या नावाने बोटं मोडली, तेही फुकट. शेवटी कनेक्शनची एरर शोधायला ग्रेप लावलं तर ते म्हणालं, बायनरी फाइल जुळते. साध्या मजकुराचा लॉग बायनरी कधीपासून झाला? लेसमध्ये उघडला आणि पडदाभर नुसतं ^@^@^@^@, म्हणजे शून्य बाइट.

तेव्हा ट्यूब पेटली. क्रॉनटॅबच्या ओळीत मी > लिहिलं होतं, >> नाही (> आउटपुट फाइलमध्ये सुरुवातीपासून लिहितं, >> कायम शेवटी जोडतं). एका > ने उघडलेल्या फाइलमध्ये स्क्रिप्ट आपली जागा लक्षात ठेवते. कॉपीट्रंकेटने फाइल रिकामी केली तरी पुढची ओळ ती ६ जीबीच्या खुणेवरच लिहिणार, आणि मधली सगळी पोकळी शून्यांची. डिस्कवर त्या पोकळीला जागा लागत नाही, पण लॉगरोटेट दिसणाऱ्या आकाराला भुलून दर फेरीला फाइल फिरवतं, आणि फाइल दाबून लहान करणारं जीझिप बिचारं ६ जीबी शून्यं दळत बसतं. पंख्याचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत. >> केलं, स्क्रिप्ट परत सुरू केली, फिरवलं. एलएस आणि डीयू एकमेकांशी सहमत! दोन ओळी शेजारी बघून मी चक्क हसलो.

लॉग इतका फुगला कशाने, ते कारण त्यामानाने पोरकट. उबुंटू २०.०४ वरून २२.०४ वर गेलो, मॉस्किटो (उपकरणांचे निरोप पोचवणारा सर्व्हर) १.६ चं २.० झालं. २.० मध्ये लिसनर (कुठल्या पत्त्यावर ऐकायचं ते) सांगितला नाही तर ते फक्त लोकलहोस्टवर, म्हणजे मशीनच्या आतल्या पत्त्यावर ऐकतं. माझी स्क्रिप्ट त्याच मशीनवर असून घरच्या नेटवर्कच्या आयपी पत्त्यावर दार ठोठावत होती. नकार तत्क्षणी येतो, आणि एरर पकडायच्या जागी मी स्लीप (थोडं थांबायची आज्ञा) घातला नव्हता. सेकंदाला दोन हजारांच्या आसपास ओळी, सगळ्या एकच: कनेक्शन नाकारलं. आता लिसनर आहे आणि १० सेकंदांचा स्लीपही.

पुढे २५६ जीबीची एसएसडी घ्यायची होती. पण बुधवार पेठेतल्या एका दुकानातून आणलेली ‘नवीन’ एसएसडी स्मार्टच्या (डिस्क स्वतःच ठेवते त्या वापराच्या नोंदी) आकड्यांत ९ हजार तास चाललेली निघाली होती, तेव्हा तिकडे जायचा उत्साह नाही. मग व्हार-लॉगला वेगळं पार्टिशन (डिस्कचा स्वतंत्र भाग) द्यावं म्हटलं.

थांबा, हे लिहिता लिहिताच सुचलं. स्क्रिप्ट क्रॉनमधून काढून सिस्टमडीची (सेवा सुरू ठेवणारी यंत्रणा) सर्व्हिस केली तर > आणि >> दोन्हींचा प्रश्नच मिटतो, आउटपुट तिच्या जर्नल या लॉगमध्ये जाईल. ‘सिस्टिममॅक्सयूज’ (जर्नलची कमाल जागा) ५०० एमबी ठेवतो, कारण मुळात ते डिस्कच्या १० टक्क्यांपर्यंत आणि जास्तीत जास्त ४ जीबीपर्यंत जाऊ देतं. शिवाय स्क्रिप्ट पुन्हा पिसाळली तर ३० सेकंदांत १०,००० ओळींची मूळ मर्यादा (डिस्क मोकळी असेल तर काही पटींनी वाढते) तिला आवरेल. पार्टिशन रद्द.

एनसीडीयू उघडंच होतं म्हणून डॉकरच्या (प्रोग्रॅम वेगवेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारं साधन) फोल्डरात डोकावलो. होम असिस्टंटचा (घरातली उपकरणं सांभाळणारा प्रोग्रॅम) जेसन लॉग ४ जीबी. तिथे मर्यादा आपणहून नसतेच, आणि डॉकरच्या डेमनच्या सेटिंगमध्ये घातली तरी जुन्या कंटेनरला लागत नाही, तो नव्याने बनवावा लागतो. म्हणजे रविवारही गेला.