फ्लाय ओली करून बघा: यॉर्कशरच्या स्पायडरविषयी

फ्लाय म्हणजे मासा भुलवायला गळावर रेशीम आणि पीस बांधून केलेला खोटा किडा. व्हाइसमध्ये, म्हणजे बांधताना गळ धरणाऱ्या पकडीत, अडकवलेली कोरडी फ्लाय कितीही देखणी दिसली तरी तेवढ्यावर तिचा निवाडा करू नये. काचेच्या पेल्यात पाणी घ्या, फ्लाय बुडवा, बोटाने दोनदा ढवळा आणि पेला उजेडासमोर धरा. मघाचं झगझगीत नारिंगी रेशीम आता तांबूस तपकिरी झालेलं असतं, आतल्या गळाची काळसर रेघ त्यातून दिसू लागते आणि पिसाचे दहा-बारा तंतू पाण्याबरोबर मिटतात, उघडतात. ट्राउट माशासमोर जाते ती ही फ्लाय. मेण कुठलं घ्यायचं, वेढे किती घालायचे, पीस कुठून उपटायचं, हे सगळं या ओल्या रूपावरून ठरवायचं असतं.

इथे बोलायचंय ते उत्तर इंग्लंडच्या स्पायडर घराण्याबद्दल. व्हार्फ, निड, युर या यॉर्कशरच्या डोंगराळ नद्यांवर जंगली ब्राउन ट्राउटसाठी या फ्लाय पिढ्यान्‌पिढ्या बांधल्या जातात. स्कॉटलंडात क्लाइड आणि ट्वीड नद्यांवर त्यांची जवळची भावंडं आहेत. लीड्सच्या टी. ई. प्रिट यांनी १८८५ साली यॉर्कशरच्या फ्लाय रंगीत चित्रांसह छापून ठेवल्या, त्यातल्या कित्येक आजही जशाच्या तशा चालतात. नाव स्पायडर असलं तरी कोळ्याशी संबंध नाही. शेपूट नाही, पंख नाहीत. अंग रेशमाचं आणि मानेशी पक्ष्याच्या मऊ पिसाचे दोन वेढे, संपलं. पाण्यातून वर येणारी, कात टाकताना पृष्ठभागाखाली अडकलेली मेफ्लाय (पाण्यात वाढणारी माशी) किंवा धारेत बुडून वाहत चाललेला किडा, असं काहीतरी त्यातून सूचित होतं. हुबेहूब नक्कल करायचा हा प्रकारच नाही.

गळ १४ किंवा १६ नंबरचा, बारीक तारेचा. आकडा वाढतो तसा गळ लहान होतो, हे नवख्यांनी ध्यानात ठेवावं. जाड तारेचा गळ घेतला तर फ्लाय लवकर तळाला जाते आणि हे काम तर वरच्या वीतभर पाण्यातलं आहे. टोकामागचा उलटा काटा चिमट्याने बांधण्याआधीच दाबून घ्या. बांधून झाल्यावर दाबताना गळ मोडला तर सगळी मेहनत वाया जाते.

धागा शुद्ध रेशमाचाच हवा, याबाबत मी हट्टी आहे. पॉलिएस्टरचा धागा ओला झाला तरी जवळपास त्याच रंगाचा आणि तितकाच अपारदर्शक राहतो, रेशीम मात्र पाणी पिऊन खोल रंगाचं होतं. जुने लोक पिअरसॉल कंपनीच्या गॉसमर रेशमाची शपथ घेतात. ते आता बनत नाही, जुन्या रिळांवरच काम चालतं. दुसरं बारीक, पीळ असलेलं रेशीम चालेल. भरतकामाचं बिनपिळाचं रेशीम टाळा, बोटांच्या खरखरीत कातडीला अडकून त्याची लव निघते.

मेणाचा मुद्दा सर्वांत जास्त दुर्लक्षित. राळेपासून केलेलं काळपट चांभारी मेण पिवळ्या रेशमावरून ओढलं की धागा ऑलिव्ह छटेकडे झुकतो. ग्रीनवेल्स ग्लोरी ही प्रसिद्ध फ्लाय याच युक्तीवर उभी आहे. १८५४ साली डरहॅमचे कॅनन (चर्चमधले धर्माधिकारी) विल्यम ग्रीनवेल यांच्यासाठी ट्वीडकाठच्या स्प्राउस्टन गावच्या जेम्स राइट यांनी ती बांधली. म्हणजे इथे मेण पकड देण्यापुरतं नाही, रंग म्हणूनही वापरलंय. नारिंगी किंवा जांभळ्या रेशमाला मात्र हे काळं मेण लावलं तर रंग मरतो. तिथे साधं मधमाश्यांचं मेण घ्या. लावण्याची रीत अशी: मेणाचा वाटाण्याएवढा गोळा अंगठा आणि तर्जनीत धरून ऊब द्यायची, मग धागा त्यातून एका झटक्यात ओढायचा. हळू ओढला तर मेण धरून ठेवतं आणि रेशीम तुटतं.

आता पिसं. पार्ट्रिज अँड ऑरेंज, स्नाइप अँड पर्पल आणि वॉटरहेन ब्लोआ ही तीन स्पायडरची नावं. पार्ट्रिज अँड ऑरेंजसाठी युरोपातल्या करड्या तित्तिराच्या पाठीवरचं तपकिरी, ठिपकेदार पीस लागतं. १६ नंबरच्या गळाला शोभतील इतकी लहान पिसं मानेलगत थोडीच असतात, ती आधी वेगळी काढून ठेवा. स्नाइप अँड पर्पलसाठी पाणलाव्याच्या पंखाच्या वरच्या कडेची बारीक गडद पिसं, वॉटरहेन ब्लोआसाठी पाणकोंबडीच्या पंखाखालची चमच्यासारखी धुरकट करडी पिसं. पाणलावा आणि पाणकोंबडी आपल्या तळ्यांवरही दिसतात, पण भारतात त्यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चं संरक्षण आहे, तेव्हा इथल्या पक्ष्यांच्या पिसांचा विचारही करू नये. पिसं ठेवलेल्या डब्यात डांबरगोळी टाका. कसर लागली तर एका उन्हाळ्यात अख्खा पंख फस्त होतो.

पार्ट्रिज अँड ऑरेंज बांधायची एक भक्कम रीत सांगतो. मेण लावलेलं नारिंगी रेशीम गळाच्या नेढ्यामागे, पण नेढ्याला न भिडवता, चार-पाच वेढ्यांनी पक्कं करा. पिसाच्या बुडाची पिंजलेली लव काढून टाका. देठाची एक बाजूही पूर्ण सोलून टाका म्हणजे दोन वेढ्यांतही दाटी होत नाही. तंतूंची लांबी गळाच्या बाकाच्या जरा पलीकडे पोचेल एवढी. देठ दांडीवर ठेवून पीस नेढ्यावरून पुढे राहील असं बांधा, पिसाची चकचकीत बाजू तुमच्याकडे. मग रेशीम एकाला एक लागून वेढ्यांनी मागे न्या. उरलेला देठ वाटेत कापा. थांबायचं कुठे? गळाचं टोक जिथे आहे त्याच्या सरळ वर. बाकापर्यंत जायचं नाही. तिथून तसंच एकाला एक लावत परत पिसापर्यंत या. अंग तयार झालं.

आता पिसाचं टोक हॅकलच्या, म्हणजे मानेभोवती गुंडाळायच्या पिसाच्या, चिमट्यात धरून पीस मागच्या दिशेने, रेशमाकडे, दोन वेढे फिरवा. दुसऱ्या वेढ्याला रेशमाने टोक पकडा, एक घट्ट वेढा, जास्तीचं कापा. यानंतरची कृती महत्त्वाची: रेशीम तंतूंमधून डावी-उजवी हलवत एकदाच पुढे नेढ्यापाशी न्यायचं. त्यामुळे पिसाच्या नाजूक देठावर रेशमाचा बंध बसतो, नाहीतर ट्राउटच्या दातांनी दुसऱ्या-तिसऱ्या माशाला हॅकल सुटतं. शेवटी चार वेढ्यांचा व्हिप फिनिश, म्हणजे रेशमाचं टोक त्याच्याच वेढ्यांखाली ओढून घेणारी गाठ. चांगलं मेण लावलं असेल तर वॉर्निश लागत नाही. लावायचंच तर सुईच्या टोकावर येईल तेवढं, आणि हॅकलला स्पर्श न होता.

बिघडतं कुठे? बहुतेक वेळा हात आवरत नाही तिथे. पिसाचा तिसरा वेढा घातला की तंतू एकमेकांना आधार देऊन ताठ उभे राहतात, पाण्यात हलत नाहीत, आणि फ्लाय ब्रशसारखी दिसते. अंग बाकापर्यंत ओढलं की सडपातळपणा जातो. डोकं मोठं झालं तर समजावं की सुरुवातच नेढ्याला चिकटून केली होती, पुढे जागाच उरली नाही. देठ वेढा घेताना तुटला तर पीस बुडाच्या जाड भागाशी बांधलं होतं किंवा फार वाळलं होतं. ते ओलसर कापडात दहा मिनिटं ठेवून पुन्हा घ्या. आणि पेल्यात बुडवल्यावर अंग चिखलट दिसलं तर मेण जास्त झालं.

वॉटरहेन ब्लोआमध्ये आणखी एक कसब आहे. ब्लोआ हा यॉर्कशरच्या बोलीतला शब्द, निळसर करड्या रंगासाठी. पिवळ्या रेशमावर मोल नावाच्या बिळात राहणाऱ्या प्राण्याची करडी लव पिळायची, पण इतकी थोडी की मेणावर धूळ बसल्यासारखी वाटावी. कोरडी असताना खालचं पिवळं जेमतेम दिसतं, ओली केली की लव बसते आणि पिवळसर ऑलिव्ह झळकतं. लवेची दोरी होईपर्यंत पिळलीत तर ही फ्लाय संपली. यॉर्कशरमध्ये २५ मार्चला ट्राउटचा हंगाम उघडतो, तेव्हा दुपारच्या आसपास लार्ज डार्क ऑलिव्ह ही मेफ्लाय निघते, वॉटरहेन ब्लोआ तिच्यासाठीच. मे महिन्यातल्या गार, वाऱ्याच्या दिवशी आयर्न ब्लू निघते, तेव्हा जांभळ्या रेशमाची स्नाइप अँड पर्पल. पार्ट्रिज अँड ऑरेंज हंगामभर बांधून ठेवावी.

तीन फ्लाय एकत्र लावायची पद्धत आहे. दहा फुटी रॉड, तीन किंवा चार नंबरी वजनाची लाइन (टाकायची जाड दोरी), लीडर (लाइन आणि फ्लाय यांच्यामधली बारीक दोरी) साधारण रॉडएवढा, शेवटचा भाग ०.१५ मिलिमीटर नायलॉनचा. फ्लायमध्ये ७५ ते ९० सेंटिमीटर अंतर, ड्रॉपर, म्हणजे वरच्या फ्लायसाठी बाजूला सोडलेला दोरीचा तुकडा, दहा सेंटिमीटर. ड्रॉपर लांब ठेवला तर तो मुख्य दोरीला गुंडाळतो. ड्रॉपरची गाठ तीन पिळांची वॉटर नॉट. तिची दोन टोकं सुटी राहतात, त्यातलं रॉडकडच्या दोरीचं टोक, म्हणजे खाली टोकाच्या फ्लायकडे तोंड केलेलं, ड्रॉपर म्हणून ठेवा. गाठ सरकली तरी ड्रॉपरवरचा मासा हातचा जात नाही. गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करायला विसरू नका.

लीडर तरंगत राहिला तर पृष्ठभागावर त्याची रेघ उमटते आणि उथळ पाण्यात मासा बिचकतो. उपाय आपल्या घरातला आहे: मुलतानी माती. दोन चमचे माती, भांडी घासायच्या द्रव साबणाचे काही थेंब आणि ग्लिसरीन, मळलेल्या कणकेसारखं होईपर्यंत कालवा. डबीत भरून ठेवा आणि लीडरवरून चोळा. तुपकटपणा जातो, दोरी बुडते. इंग्लंडमध्येही लीडर बुडवायला हीच माती वापरतात.

नदीवर उभं कुठे राहायचं? ट्राउट तोंड धारेकडे करून असतो, म्हणून त्याच्या मागून, खालच्या बाजूने जायचं. स्कॉटलंडचे डब्ल्यू. सी. स्टुअर्ट यांनी १८५७ मध्येच प्रवाहाविरुद्ध वर टाकण्याचा ठाम पुरस्कार केला आणि तो आजही बरोबर वाटतो. गुडघ्याएवढं, खळाळून आलेलं पाणी आणि शेजारचं संथ पाणी जिथे भेटतं ती शिवण शोधा. सहा ते आठ मीटर, त्याहून लांब नाही. तिरकं वर टाका, फ्लाय पडताच रॉड हळूहळू वर उचलत जा म्हणजे लाइनचा बहुतेक भाग पाण्याबाहेर राहतो. दोन-तीन सेकंद वाहू द्या, उचला, पुन्हा टाका, मग दोन पावलं वर सरका. हवेत मागे-पुढे उगाच फिरवत बसलात तर तीन फ्लायचा गुंता ठरलेला आणि फ्लाय वाळतेही. टाकताना हात संथ, लाइनचा वळसा मोठा.

मासा लागल्याचा धक्का हाताला क्वचितच कळतो. लाइनचं टोक थबकतं, पाण्याखाली पिवळसर चमक दिसते किंवा पृष्ठभाग किंचित फुगतो. यातलं काही दिसलं की रॉड नुसता ताणायचा, हिसका द्यायचा नाही. बारीक नायलॉन हिसक्याने तुटतं. वाहून संपत आल्यावर उचलण्याआधी क्षणभर थांबा. फ्लाय वर येते, तंतू मिटतात आणि पाठलाग करत आलेला मासा नेमका तेव्हा घेतो.

खाली, आडवं टाकून फ्लाय धारेत कमानीसारखी फिरवत आणणं सोपं वाटतं. त्यात लाइन ताणलेली असते, मासा टोचून सुटतो आणि बरेचदा पिल्लंच लागतात. मार्चच्या गढूळ, गार पाण्यात मात्र हीच रीत कामाला येते. अट एवढीच की लाइनचं पोट उचलून प्रवाहाच्या वर टाकत राहायचं, फ्लायचा वेग मंदावला पाहिजे.

इंग्लंडमधल्या मराठी मंडळींनी वयाच्या तेराव्या वर्षापासून लागणारा रॉड परवाना आणि त्या पाण्याच्या मालकाची किंवा क्लबची परवानगी, दोन्ही घ्यावीत. सह्याद्रीच्या नद्या ट्राउटला गरम पडतात. भारतात ब्राउन ट्राउट काश्मीरमध्ये १९०० च्या सुमारास स्कॉटलंडच्या अंड्यांतून आला आणि १९०९ मध्ये हिमाचलातल्या कुलू खोऱ्यात. तीर्थनसारख्या नदीवर मत्स्य विभागाचा परवाना काढावा लागतो आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंदी असते. बर्फ वितळून पाणी दुधाळ झालं की १६ नंबरची फ्लाय माशाला दिसत नाही. तिथे १२ नंबर आणि काळं रेशीम बरं.

पाणी २० अंशांच्या वर गेलं की रॉड गुंडाळावा. गरम पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि झुंजून थकलेला ट्राउट सोडला तरी जगेलच असं नाही. सोडताना हात ओले, मासा पाण्यातच, गळ चिमट्याने उलटा फिरवून काढायचा. जंगली माशाचे पर धड, अखंड असतात. डोंगरी ओढ्यातला अर्ध्या पौंडाचा मासाही तिथे कित्येक वर्षांचा असतो.

घरी आल्यावर फ्लाय डबीत बंद करू नका. रात्रभर वर्तमानपत्रावर पसरा, डबी उघडी ठेवा. ओली फ्लाय बंद राहिली तर गळाचा गंज रेशमात उतरतो आणि मग पेल्यात बुडवून बघितलं तरी नारिंगी आणि तपकिरीतला फरक दिसत नाही.