तुम्ही विचारलंत म्हणून: श्वापद कुठाय?

आमची अठरा मिनिटांची फिल्म संपून दिवे लागले की पहिला प्रश्न ठरलेला. नेरूळच्या मंडळीत, म्हणजे तिथल्या चर्चमध्ये, तोच आला, कोपरीच्या हॉलमध्ये तोच आला. ऐरोलीत आमच्या सोसायटीच्या गच्चीवर चादर बांधून दाखवली, तेव्हा तळमजल्यावरचे काका फरसाणाचा बकाणा आवरत म्हणाले, "सगळं झकास. पण ते श्वापद कुठाय?"

काकांचा ख्रिस्ती धर्माशी संबंध म्हणजे नाताळला आमच्याकडून जाणाऱ्या करंज्यांपुरता. पण शेवटच्या काळावरची फिल्म म्हटल्यावर त्यांनाही सात डोक्यांचं काहीतरी हवं होतं. आजवर मी "बजेट नव्हतं हो" म्हणून सुटत आलो. ते निम्मंच खरं आहे. उरलेलं आज सांगतो.

श्वापद करायचं ठरलं होतं. माझा धंदा लग्नाच्या शूटिंगचा, त्यामुळे ठाण्यातले सजावटवाले ओळखीचे. त्यातले एक गणपतीत मंडळांचे हलते देखावे करतात. त्यांचा कालियामर्दन मी पाहिला होता, फणा अगदी झोकात डोलायचा. त्यांच्याकडे गेलो आणि बायबलच्या शेवटच्या पुस्तकाचा, प्रकटीकरणाचा, तेरावा अध्याय वाचून दाखवला. श्वापद त्यातलंच. ते कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर पेन्सिल घेऊन बसले.

"सात डोकी, दहा शिंगं. वाटायची कशी?"

"लिहिलेलं नाही."

"तिघांना दोन-दोन, चौघांना एक-एक. बसतंय. मुकुट?"

"दहा. शिंगांवर."

"शिंगांवर? डोक्यावर नाही?" त्यांनी खोडलं. "बरं, अंग?"

"चित्त्यासारखं. पाय अस्वलाचे, तोंड सिंहाचं."

"तोंड एकच? डोकी सात ना?"

मी पुन्हा वाचलं. तोंड एकच होतं. इतकी वर्षं तो अध्याय ऐकतोय, हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली आणि चहा मागवला. "रावण बरा असतो हो," म्हणाले. "दहा म्हणजे दहा."

मग आमच्या मंडळीच्या तरुण संघातला एक मुलगा म्हणाला, "दादा, एआयवर पाच मिनिटांत करून देतो." दिलंही. पहिल्या खेपेला डोकी आठ आली, दुसऱ्या खेपेला शिंगं बारा, आणि दोन्ही वेळा दात इतके शुभ्र, की टूथपेस्टची जाहिरात वाटावी. मुलं हसत सुटली. ज्याला पाहून पोरं हसतात त्याला घेऊन जगाचा शेवट कसा करणार?

तेव्हा मी तो ग्रंथ पुन्हा, या खेपेला मोठ्यानं वाचला आणि सुरुवातीलाच अडलो. पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या ओवीत आशीर्वाद आहे तो वाचून दाखवणाऱ्याला आणि ऐकणाऱ्यांना. तो लिहिणारा योहान पात्म नावाच्या बेटावर होता आणि लिहीत होता आजच्या पश्चिम तुर्कस्तानातल्या सात मंडळ्यांना. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. ऐकणाऱ्यांना जुन्या करारातल्या दानिएलाची चार श्वापदं पाठ: सिंह, अस्वल, चित्ता आणि दहा शिंगांचं ते चौथं. योहानानं चारही एका कातड्यात कोंबली. कानाला त्याचा धसका बसतो. डोळा मात्र लगेच मोजायला लागतो, आमच्या सजावटवाल्यांसारखा. एकोणिसाव्या अध्यायात पांढऱ्या घोड्यावरून ख्रिस्त येतो तेव्हा त्याच्या मुखातून तलवार निघते. (इथे काका म्हणाले, "कल्कीच की हा!" घोड्यापुरतं बरोबर आहे, कल्कीची तलवार हातात असते.) शब्द शस्त्रासारखा लागतो, हे कानाला कळतं. पडद्यावर तेच करा, जत्रेतला तलवार गिळणारा उभा राहील.

शिवाय ऐकणाऱ्यांना एक गोष्ट कळत होती, जी आपल्याला खालच्या टिपेत वाचावी लागते. सतराव्या अध्यायात देवदूत सांगतो की सात डोकी म्हणजे सात डोंगर. रोम सात टेकड्यांवर वसलेलं, हे पोरासोरांना ठाऊक होतं. आमची आजी जन्मात कधी आजोबांचं नाव घ्यायची नाही, पण 'इकडून' म्हणाली की कोण ते सगळ्या घराला कळायचं. तसाच हा प्रकार, फक्त इथे नाव घेतलं तर जिवावर बेतायचं. तेराव्या अध्यायात श्वापदाचा जो आकडा लोकांच्या हातावर-कपाळावर शिक्का म्हणून येतो, त्या 666 चंही बहुतेक अभ्यासक असंच लावतात. हिब्रूत अक्षरांनाच अंकांची किंमत असते आणि 'नेरो कैसर' हे रोमच्या बादशहाचं नाव विशिष्ट तऱ्हेनं लिहून बेरीज केली की 666 येते. काही जुन्या प्रतींत 616 आहे. नेरोचं नाव लॅटिन वळणानं लिहिलं की तेही जुळतं. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर मात्र हा शिक्का आधी बारकोड होता, मग आधार कार्ड झाला, मग लस. पुढचा काय असेल ते बघायला मी जिवंत असेन बहुतेक.

आता 'रॅप्चर'. माणसं कपडे मागे टाकून गायब होतात, विमानं पायलटाविना पडतात, ते. ढगांत उचललं जाण्याची ओळ आहे ती पौलाच्या थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात. पण आधी विश्वासणारे गुपचूप नाहीसे होणार आणि मग बाकीच्यांवर सात वर्षं संकट, अशी मांडणी पसरवली ती जॉन नेल्सन डार्बीनं, 1830 च्या सुमारास. 1909 साली स्कोफिल्डचं टिपांसकटचं बायबल अमेरिकेत निघालं आणि ती घरोघरी गेली. आमच्या शेजारच्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या जुन्या कॅथलिक, मावशींना विचारलं तर म्हणाल्या, "आमच्या चर्चमध्ये फादर असलं काही नाय सांगत बाबा." आणि ठाण्यात त्यांची चर्चं पोर्तुगीजांच्या काळापासूनची. आमची मंडळी मिशनऱ्यांच्या मागून आली, त्यांच्याबरोबर या टिपाही आल्या.

माझ्या वाट्याला त्या सिनेमातून आल्या. 1972 चा 'अ थीफ इन द नाईट', अमेरिकेतल्या आयोवात बेताच्या पैशांत केलेला. मी पाचवीत होतो. कोपरीच्या हॉलमध्ये भाड्याचा व्हीसीआर आणून दाखवला होता. बाई सकाळी उठते, रेडिओवर माणसं नाहीशी झाल्याची बातमी, नवरा दिसत नाही आणि बेसिनमध्ये त्याचा विजेचा रेझर घुंघुं करत पडलेला. आमच्या घरी बाबा वाटीत पाणी घेऊन पात्यानं दाढी करायचे. विजेचा रेझर म्हणजे काय हे आम्हा पोरांना माहीतच नव्हतं. आम्हाला वाटलं, बेसिनमध्ये भुंगा अडकलाय. नवरा स्वर्गात गेला आणि भुंगा राहिला.

पुढच्याच आठवड्यात शाळेतून आलो. दार सताड उघडं, वातीचा स्टो पेटलेला, दूध उतू जाऊन भांड्याच्या बुडाशी करपायला लागलेलं, आणि घरात कोणी नाही. आई नाही, आजी नाही. मी दप्तरासकट पळत सुटलो तो थेट पाळकसाहेबांच्या घरापर्यंत. त्यांची लुना दाराशी दिसली आणि जीव भांड्यात पडला. पाळकसाहेब इथेच आहेत म्हणजे अजून कोणी गेलेलं नाही! ते स्वतःच मागे राहिले असतील ही शंका दहा वर्षांच्या डोक्यात आली नाही, हे त्यांचं नशीब. घरी परतलो तर आई दूध सांडल्याबद्दल मलाच ओरडत होती. नळाला अवेळी पाणी आलं म्हणून दोघी हंडे घेऊन खाली गेल्या होत्या.

रिकामं घर दिसलं की पोटात खड्डा पडायचा, तो पुढे कितीतरी वर्षं. माझ्या वयाच्या अनेक मंडळीकरांचा हाच अनुभव आहे. आता आम्ही हसतो, पण एकमेकांकडे न बघता. मुलांना असं घाबरवून विश्वासात आणणं मला पटत नाही, हे आमच्या वडीलधाऱ्यांना आवडलं नाही तरी लिहितो. पण एक कबूल करायला हवं. त्या सिनेमातही मला लागलं ते श्वापद नव्हतं. बेसिनमधली ती घुंघुं लागली.

म्हणून आमची फिल्म मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चोविसाव्या अध्यायावर बेतली. तिथे येशू सांगतो, दोघी जात्यावर दळत असतील. एक नेली जाईल, एक मागे राहील. ओव्या म्हणत दोघींनी खुंटा धरून जातं ओढायचं, हे आपल्याला समजवावं लागत नाही. एक हात सुटला की दुसरीला ते जड जाणारच. आज जातं कुठून आणणार? ऐरोलीत पोळी-भाजी केंद्रं आहेत. त्यातल्या एका ताईंनी पहाटे पाचला दोन तास दिले, आणि कामही त्यांनीच केलं, कारण आमच्या तरुण संघातल्या एकीलाही पोळी गोल लाटता येईना.

शॉट साधा. दोघी समोरासमोर, मधे दोन तवे. कॅमेरा ताईंच्या चेहऱ्यावर जातो, परत येतो, तोवर समोरचीनं उठून बाजूला व्हायचं. ताईंनी मान वर करायची, घाबरायचं, हाक मारायची. तीनदा समजावलं.

कॅमेरा फिरला. समोरची जागा रिकामी, लाटणं अजून थोडं घरंगळत होतं. ताईंनी मान वर केली, एक क्षण बघितलं. मग हात लांब करून तिच्या तव्यावरची पोळी उलटली.

मी ओरडलो, "अहो ताई, ती गायब झालीये!"

"हो," त्या म्हणाल्या, "पण पोळी करपत होती ना."

तोच टेक ठेवला.