बेगमी

आज मोठ्या डब्याचं झाकण दाबून बसवत आई म्हणाली, "चला, पावसाळ्याची बेगमी झाली." तर लेकीनं लगेच विचारलं, "आजी, बेगमी म्हणजे बेगमची का गं?"

मी दोघींकडे बघतच राहिले. इतकी वर्षं हा शब्द तोंडात आहे पण तो आला कुठून हे कधी मनातच आलं नाही, मग काय, हातातलं काम टाकून शोधत बसले. बेगमचा काही संबंध नाही, तो शब्द मूळचा तुर्की. हा फारसीतून आलेला, बे म्हणजे 'शिवाय', बेफिकीर, बेरोजगार मधला तोच बे, आणि गम म्हणजे दुःख, काळजी. म्हणजे बेगमी हा मुळात साठा नाहीच, ती निश्चिंती! साठ्यामुळे जी काळजी मिटते तिचंच नाव पुढे साठ्याला पडलं.

कोठार म्हटलं की खोली दिसते, तो तर सरळ संस्कृत कोष्ठागारावरूनच आलाय. बेगमीत मात्र मला माणूस दिसतो, झाकण लावल्यावर डब्यावरून उगाच दोनदा हात फिरवणारी आई दिसते.

तिला अर्थ सांगितला तर म्हणाली, "मग? झोप लागते ना शांत."

तुमच्या घरात हा शब्द अजून कोण बोलतं?